कोकोपीटमधली ढोबळी पिवळी पडते तेव्हा: आधी निचरा मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्नर तालुक्यात दहा गुंठ्यांचं पॉलीहाऊस, कोकोपीटच्या (नारळाच्या भुशाच्या) ग्रोबॅगमध्ये लाल-पिवळी ढोबळी मिरची. लागवड जानेवारीअखेरची, आता साठ-पासष्ट दिवस झालेत. शेंड्याची पानं पिवळी, पण त्यांच्या शिरा हिरव्या. खालची पानंही शिरांच्या मधे फिकट होऊ लागली आहेत. लिंबाएवढ्या फळांच्या बुडाला तपकिरी, दबलेला डाग पडतो आणि पुढे तो काळा होतो. पाणी बोअरचं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, दर वेळी झाडाला साधारण अर्धा लिटर. नुसत्या बोअरच्या पाण्याचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) ०.९, खत घातल्यावर टाकीचा ईसी १.८, पीएच ७.४. रोज १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत), आठवड्यातून दोनदा कॅल्शियम नायट्रेट, शिवाय आल्यागेल्याने सुचवलेल्या फवारण्या. शेवटी विचारलंय, "लोह कमी आहे, मॅग्नेशियम कमी आहे की कॅल्शियम? काय फवारू?"

सध्या काहीच फवारू नका. तीन कमतरता एकाच झाडावर एकदम दिसल्या की माझा खतावरचा संशय उडतो आणि पाण्यावर जातो. तीन वेगवेगळ्या वस्तू एकाच आठवड्यात संपायला टाकी म्हणजे काही वाण्याचं दुकान नव्हे. बहुतेक वेळा वस्तू असते, पण मुळापर्यंत पोचत नाही, किंवा पोचते आणि मूळ ती उचलत नाही.

पानं वाचायची नाहीत असं मी म्हणत नाही, पण पान म्हणजे शिळं वर्तमानपत्र. कमतरता सुरू होते एका आठवड्यात आणि पानावर दिसते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. फळाच्या बुडाचा डाग तर आणखी जुना. आज तुम्ही लिंबाएवढ्या फळावर जो डाग बघताय, तो ते फळ गोटीएवढं होतं तेव्हाच ठरलेला आहे. त्या वेळी वाढत्या फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडलं, तिथल्या पेशी कच्च्या राहिल्या आणि पुढे फुटल्या. आज कितीही कॅल्शियम फवारलं तरी ते फळ सुधारत नाही. डागी फळं तोडून टाका, झाडाचं ओझं तरी हलकं होईल.

पानांवरून काढता येतो तो पहिला निष्कर्ष जागेचा. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाडात फिरतात. कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून खूण आधी खाली दिसते. नत्राला अख्खं पान फिकटतं, पालाशाला कडा करपते, मॅग्नेशियमला शिरांच्या मधला भाग पिवळा पडतो. स्फुरदाची कमतरता कोकोपीटमध्ये मी फार क्वचित पाहिली आहे, कारण आपल्याकडे सगळे ते गरजेपेक्षा जास्तच घालतात. कॅल्शियम, बोरॉन, लोह, मँगनीज आणि जस्त एकदा बसले तिथून सहसा हलत नाहीत, म्हणून त्यांची खूण शेंड्याला. लोहाचं पान ओळखायला सोपं: कोवळं पान पिवळं, कधी पांढरट, आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी. चुनखडीच्या रानात उसावर येतो त्या केवड्याचाच हा भाऊ. मँगनीजचं पान थोडं खाली असतं आणि जाळी जाडसर, धूसर असते. जस्ताला पानं बारीक राहून पेरं आखूड होतात, बोरॉनला शेंडा ठिसूळ होऊन मरतो.

तुमच्या वर्णनातलं शेंड्याचं पान लोहाचं आहे, याची मला जवळजवळ खात्री आहे. पण ती खात्री मी माझ्या शब्दावर तुमच्या गळ्यात घालणार नाही. दोन झाडं निवडा. एक लिटर पाण्यात एक-दोन ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवा आणि मऊ ब्रशने दोन-तीन पिवळ्या पानांच्या अर्ध्या भागावरच लावा, संध्याकाळी. पाच-सहा दिवसांनी रंगवलेला भाग हिरवा झाला आणि उरलेला अर्धा तसाच राहिला, तर लोहच. याला खर्च जवळपास शून्य, आणि यातून मिळणारं उत्तर कुठल्याही फोटोवरून दिलेल्या सल्ल्यापेक्षा पक्कं.

आता खरा मुद्दा. लोह कमी का?

पीएच ७.४ म्हणजे लोह टाकीत असलं तरी मुळांसाठी नसल्यासारखं. सूक्ष्मअन्नद्रव्यांच्या बऱ्याच मिश्रणांत लोह ईडीटीए रूपात असतं, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या रसायनात (चिलेटमध्ये) बांधलेलं. ते साधारण ६ ते ६.५ पीएचपर्यंत टिकतं, त्यावर लोहाची पकड सुटते आणि ते गंजासारखं खाली बसतं. डीटीपीए रूप सातच्या थोडं पुढेपर्यंत चालतं, ईडीडीएचए नऊपर्यंत. फवारणीसाठी बनवलेलं सूक्ष्मअन्नद्रव्य टाकीत ओतलं की काय होतं, हे टाकीच्या तळाचा गाळ बघून तुम्हालाच कळेल.

हा पीएच येतो बोअरमधून. आपल्या काळ्या दगडातल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल खाऊन पीएच वर धरणारा क्षार, भरपूर असतं आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की आणखी वाढतं. इथे बरेच जण फसतात. पीएच हा आकडा तितका महत्त्वाचा नाही, त्यामागचं बायकार्बोनेट महत्त्वाचं आहे. दोन बोअरचा पीएच ७.८ असेल, पण एकाचं पाणी थोड्या आम्लाने वठणीवर येतं आणि दुसरं तिप्पट आम्ल पिऊनही हलत नाही. म्हणून पाणी तपासायला देताना नुसता पीएच-ईसी मागू नका. बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि क्लोराइड लिहून मागा. तुम्हाला नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे, तिथे विचारा.

अहवाल येईपर्यंत बादलीवर काम भागतं. साध्या पाण्यात नायट्रिक आम्ल टाकून १ टक्क्याचं द्रावण करा, म्हणजे ९९० मिलि पाण्यात १० मिलि आम्ल. पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा लावून, उघड्यावर. मग १० लिटर बोअरच्या पाण्यात हे द्रावण थोडं थोडं घालत, ढवळत पीएच ५.८ वर आणा. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, कारण वायू निघून गेल्यावर पीएच थोडा वर सरकतो. जितके मिलि पातळ द्रावण १० लिटरला लागलं, तितकेच मिलि मूळ आम्ल १,००० लिटरला लागेल. गणित आपोआप जुळतं.

अंदाज यावा म्हणून सांगतो. पाण्यात बायकार्बोनेट ३०५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) असेल तर ते लिटरला ५ मिलिइक्विव्हॅलंट (आम्लाशी हिशेब जुळवायचं एकक) होतं, कारण ६१ पीपीएमला एक. त्यातलं एक ठेवायचं, चार मारायचे. त्यासाठी ६८ टक्क्यांचं नायट्रिक आम्ल हजार लिटरला सुमारे २६० मिलि लागतं, ६० टक्क्यांचं असेल तर ३०० च्या आसपास. या आम्लातून झाडाला ५६ पीपीएम नत्रही मिळतं, ते हिशेबात धरा. हेच काम पूर्ण फॉस्फोरिक आम्लाने केलं तर स्फुरद १२० पीपीएमच्या पुढे जातो, म्हणजे गरजेच्या तिप्पट, आणि तो लोह-जस्ताला आणखी अडवतो. फॉस्फोरिक वापरायचंच असेल तर एक ते दीड मिलिइक्विव्हॅलंटपुरतं, आणि मग ०:५२:३४ (स्फुरद-पालाशाचं खत) कमी करायचं.

तुमच्या टाकीच्या ईसीकडे पुन्हा बघा. १.८ पैकी ०.९ बोअरचेच क्षार आहेत. म्हणजे झाडाला तुम्ही अर्धंच खत देताय, उरलेल्या निम्म्यातलं बरंचसं त्याला नको असलेलं आहे. ईसी म्हणजे पोत्याचं वजन. आत गहू किती आणि खडे किती, हे काटा सांगत नाही. आणि युरिया तर त्या काट्यावर येतच नाही, कारण त्याला विद्युतभार नसतो.

युरियाचं नाव काढलं ते १९:१९:१९ मुळे. पिशवीच्या मागचा तक्ता वाचा. एकोणीस टक्के नत्रात साधारण साडेदहा युरियाचं, साडेचार अमोनियाचं आणि चारच नायट्रेटचं असतं. रानात हे चालतं, मातीतले जिवाणू पुढचं काम करतात. नव्या कोकोपीटमध्ये तेवढी फौज नसते. युरियाचा अमोनिया होतो, तो नायट्रेट व्हायला रेंगाळतो, आणि मुळापाशी अमोनियाची गर्दी झाली की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोघांनाही आत शिरायला जागा मिळत नाही. १९:१९:१९ मध्ये एकही दाणा कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम नाही, आणि लिटरला एक ग्रॅम दिलं तर स्फुरद ८० पीपीएमच्या वर जातो. तुमच्या फळांचे बुडाचे डाग आणि खालच्या पानांचा पिवळेपणा यांचा मोठा वाटा या एका पिशवीचा आहे, असं माझं मत आहे. बेसॉल्टमधल्या बोअरला मॅग्नेशियम बहुधा असतंच, त्यामुळे खालची पानं 'मॅग्नेशियम कमी' म्हणत असली तरी पाण्यात ते कमी असेल असं मला वाटत नाही. ते आत जात नाही.

आता कोकोपीटचं स्वतःचं. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरलेला हा भुसा. त्याच्या कणांवर ऋण भार असतो आणि तिथे जन्मापासून पालाश आणि सोडियम चिकटून बसलेले असतात. सोडणं खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर सोडियम अधिकच. साध्या पाण्याने धुतलं की सुटे क्षार निघून जातात, ईसी छान खाली येतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण चिकटलेले तिथेच राहतात. मग तुम्ही पहिल्यांदा कॅल्शियम देता, आणि भुसा ते स्वतःच ठेवून घेतो, बदल्यात पालाश आणि सोडियम सोडतो. झाडाला दिलेलं कॅल्शियम झाडाआधी भुशाने खाल्लं.

हे मी पुस्तकातून नाही, स्वतःच्या चुकीतून शिकलो. माझ्या पहिल्या कोकोपीटच्या प्लॉटला तीन वेळा धुऊन ईसी ०.४ वर आणला होता आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. तिसऱ्या आठवड्यात कोवळी पानं वाटीसारखी वळली. मी कॅल्शियम वाढवत गेलो. शेवटी निचऱ्याचं पाणी प्रयोगशाळेत दिलं, तर आत जाणाऱ्या कॅल्शियमच्या निम्मंही बाहेर येत नव्हतं आणि पालाश दीडपट निघत होता. टाकीचा आणि निचऱ्याचा ईसी मात्र जवळपास सारखाच. त्या आकड्याकडे बघून मी दोन आठवडे गाफील राहिलो होतो. तेव्हापासून कोकोपीटच्या ५ किलोच्या दाबलेल्या विटेला मी साधारण १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट फुगवायच्या पाण्यातच देतो, एक रात्र मुरू देतो आणि मग धुतो. तुमच्या लागवडीला दोन महिने झालेत, त्यामुळे ही अदलाबदल आता बरीचशी उरकलेली असणार. पण सुरुवातीची फळं धरली तेव्हा ती चालू होती का, याचा विचार करा. डागी फळं बहुतेक पहिल्या-दुसऱ्या फांदीवरचीच असतील, तर हेही कारण धरायला हवं.

पाणी देण्याची पद्धत हा दुसरा मोठा दोषी. आपली सगळ्यांची सवय रानाची: पाणी द्या, वापसा येऊ द्या, मग पुन्हा द्या. कोकोपीटला वापसा नसतो. वरचा थर तपकिरी, कोरडा दिसतो आणि चार बोटं खाली पिळलं तर पाणी गळतं. म्हणून वरून बघून ठरवू नका, बॅग उचलून वजनाने ठरवा. सकाळी एकदम अर्धा लिटर दिल्यावर त्यातलं बरंच वाहून जातं. दुपारी एप्रिलच्या उन्हात झाड पाणी ओढतं, क्षार मागे राहतात, बॅगमधला ईसी चढतो. नेमकं तेव्हा फळाला कॅल्शियम हवं असतं, पण पाण्याचा ओघ पानांकडे जातो, आणि कॅल्शियम फक्त पाण्याच्या ओघाबरोबर जातं. फळातून पाणी फारसं उडत नाही, त्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. संध्याकाळी पुन्हा अर्धा लिटर, आणि रात्रभर मुळं ओल्या गोधडीत.

पाणी तेवढंच ठेवा, तुकडे बदला. या वयाच्या झाडाला या दिवसांत १०० मिलिचे दहा-बारा हप्ते. २ लिटर ताशी ड्रिपर असेल तर एक हप्ता तीन मिनिटांचा. पहिला सूर्योदयानंतर तास-दीड तासाने, शेवटचा सूर्यास्ताच्या दोन-तीन तास आधी. दुपारी बारा ते तीन हप्ते जवळ जवळ, सकाळ-संध्याकाळ लांब लांब. याला टायमर लागतो. माणसाच्या भरवशावर दिवसातून बारा वेळा कॉक फिरवणं दोन दिवस चालतं.

आता मोजणी. यावर मी सर्वांत जास्त भर देतो, आणि लोक हीच टाळतात. आधी मीटर. पीएच मीटर ४ आणि ७ च्या प्रमाणित द्रावणात शेवटचा कधी तपासला? ईसी मीटर १.४१३ च्या प्रमाणित द्रावणात? मला दाखवायला आणलेले निम्मे पीएच मीटर चुकीचे असतात, आणि त्याचं कारण बहुधा इलेक्ट्रोड कोरडा किंवा शुद्ध पाण्यात ठेवलेला असणं. आकडा पीपीएममध्ये दाखवणारं मीटर असेल तर ते ईसीला ५०० ने गुणतं की ७०० ने हे बघा, नाहीतर दोघांचं बोलणं जुळणार नाही.

मग प्लॉटच्या मधोमध एक बॅग निवडा. एका ड्रिपरखाली बाटली, बॅगखाली ट्रे. दिवसभरात आत किती गेलं, बाहेर किती आलं, दोन्हींचा ईसी आणि पीएच. तीन दिवस, वहीत. याशिवाय दुपारी दोन-तीनच्या सुमारास इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने बॅगच्या आतलं, दोन ड्रिपरच्या मधलं पाणी ओढा आणि तेही मोजा. तुमच्यासारखं दोनदा पाणी देणाऱ्यांकडे हा आकडा सगळं उघड करतो, कारण सकाळचा निचरा छान ३० टक्के दिसतो आणि दुपारी आत खारं तळं असतं.

आकडे असे वाचा. निचऱ्याचा ईसी आत जाणाऱ्यापेक्षा अर्धा-एकने जास्त असेल तर ठीक. एकपेक्षा जास्त फरक म्हणजे क्षार साचतायत: निचरा कमी पडतोय किंवा खत उन्हाच्या मानाने कडक आहे. निचऱ्याचा ईसी आत जाणाऱ्यापेक्षा कमी असेल तर झाड उपाशी आहे. दिसतं पिवळं दोन्हीकडे, उपाय अगदी उलटे. पीएचचं तसंच. झाड नायट्रेट उचलतं तेव्हा मुळाभोवतीचा पीएच चढतो, अमोनिया उचलतं तेव्हा उतरतो. निचरा ६.५ च्या वर सतत राहिला तर आम्ल कमी पडतंय, ५.२ च्या खाली गेला तर आम्ल किंवा अमोनिया जास्त झालाय. एका दिवसाच्या आकड्यावर काही करू नका. सलग तीन दिवस एकाच दिशेने गेला तरच हात लावा.

पिवळी झाडं कुठे आहेत हेही नकाशा काढल्यासारखं बघा. सगळ्या पॉलीहाऊसभर सारखं असेल तर दोष टाकीत किंवा पाण्यात. ओळींच्या शेवटाकडे वाढत असेल तर दाब कमी. विखुरलेलं, एखाददुसरं झाड असेल तर त्याचा ड्रिपर काढून बघा. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट किंवा फॉस्फेट घट्ट द्रावणात एकत्र आले की पांढरा साका होतो आणि तो नेमका ड्रिपरमध्ये बसतो. पडद्याच्या कडेला असेल तर ऊन-वाऱ्याचा फरक. एक बॅग फाडून मूळही बघाच. पांढरी मुळी भरपूर आणि वास ओल्या मातीसारखा असेल तर खताबद्दल बोलू. मुळ्या तपकिरी, साल ओढली की आतला दोरा उरतो, वास कुजका, असं असेल तर खताचा विषय बंद, आधी मूळकूज. बॅगेच्या चिरा अगदी तळाच्या कडेपर्यंत आहेत का तेही पाहा. चीर दोन बोटं वर असली की खाली कायम डबकं राहतं.

आणि एक अवांतर, पण यात पैसे फार जातात: शेंडा आकसलेला, पानं खाली वळलेली आणि पानाची खालची बाजू तेलकट-तपकिरी असेल तर तो पिवळा कोळी आहे, बोरॉन किंवा कॅल्शियम नाही. भिंगाने बघा. पानं दोरीसारखी लांबट झाली असतील तर शेजारच्या उसावर कुणी टू-फोर-डी हे तणनाशक मारलं का ते विचारा.

आता करायचं काय. पहिल्या दिवशी बॅगा हलक्या खताने धुऊन काढा. साध्या बोअरच्या पाण्याने धुवू नका, त्याने बायकार्बोनेटच आणखी आत भराल. ५.८ पीएच केलेल्या पाण्यात खालचीच कृती निम्म्या ताकदीने, साधारण १.६ ईसी, सकाळच्या हप्त्यांत इतकी द्या की निचऱ्याचा ईसी आत जाणाऱ्यापेक्षा फार तर अर्ध्याने (०.५ ने) जास्त राहील.

त्यानंतर १९:१९:१९ बंद. हजार लिटरला: कॅल्शियम नायट्रेट ७०० ग्रॅम, १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ४०० ग्रॅम, ०:५२:३४ १५० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २५० ग्रॅम, आणि बादलीवर ठरलेलं नायट्रिक आम्ल. वरच्या उदाहरणाइतकं आम्ल धरून, मूलद्रव्याच्या हिशेबाने पीपीएममध्ये: नत्र २१५ च्या आसपास, स्फुरद ३४, पालाश १९०, कॅल्शियम १३० अधिक बोअरचं, मॅग्नेशियम २४ अधिक बोअरचं. अहवालात बोअरचं मॅग्नेशियम ४० पीपीएमच्या वर निघालं तर मॅग्नेशियम सल्फेट १०० ग्रॅमवर आणा. तुमच्या पाण्यात याचा ईसी २.३ ते २.५ येईल, ऊन ३८ अंशांच्या वर गेलं तर सगळं सारख्या प्रमाणात कमी करून दोनच्या आसपास आणा. एकच खत कमी करून ईसी उतरवू नका, समतोल बिघडतो.

लोहासाठी ६ टक्क्यांचं ईडीडीएचए, हजार लिटरला ३० ते ३५ ग्रॅम, म्हणजे सुमारे २ पीपीएम. पाणी लालसर दिसेल, घाबरू नका. टाकीवर झाकण हवं, उन्हाने चिलेट फुटतं. पीएच सहाच्या खाली पक्का बसला की स्वस्त डीटीपीएवर या. मँगनीज, जस्त, तांबं, बोरॉन आणि मॉलिब्डेनम यांचं ड्रिपचं चिलेटेड मिश्रण पिशवीवरच्या मात्रेने द्या, पण त्यात लोह आधीच असेल तर तेवढं वजा करा.

तुम्ही टाकीत तयार पातळ द्रावण करता, त्यामुळे दोन टाक्यांची गरज नाही, पण क्रम पाळा. पाणी भरा, आम्ल घाला, पीएच बघा. मग ०:५२:३४ आणि मॅग्नेशियम सल्फेट, मग १३:०:४५. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत पूर्ण विरघळवून सगळ्यात शेवटी, टाकी ढवळत. त्यानंतर लोह. उद्या घट्ट द्रावण करून व्हेंचुरीने (ड्रिपच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीने) देणार असाल तर मात्र दोन टाक्या लागतीलच: एकीत कॅल्शियम नायट्रेट आणि लोह, दुसरीत सल्फेट-फॉस्फेट.

पिवळी पानं पूर्ण हिरवी होण्याची वाट बघू नका. शेंड्याची कोवळी पानं आठवड्या-दहा दिवसांत सुधारतील, खालची जुनी पानं तशीच राहतील. बुडाचे डाग अजून दोन-तीन आठवडे दिसत राहतील, कारण ती फळं आधीच बिघडलेली आहेत. या काळात घाबरून कृती बदललीत तर काय कशाने झालं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आजच्या तारखेनंतर फूल गळून धरलेल्या फळांना रंगीत दोरा बांधा आणि हिशेब फक्त त्यांचाच ठेवा.

जूनमध्ये शेततळं भरेल आणि तुम्ही त्या पाण्यावर जाल, तेव्हा ही कृती तशीच घालू नका. पावसाच्या पाण्याचा ईसी ०.१-०.२, बायकार्बोनेट जवळपास नाही. बोअरसाठी ठरवलेलं आम्ल त्यात गेलं तर पीएच तीनच्याही खाली जाईल आणि एका दिवसात पांढरी मुळी करपेल. आम्ल शून्यापासून सुरू करा, बादलीची चाचणी नव्या पाण्यावर पुन्हा करा. आम्लातून येणारं नत्र आणि बोअरमधून येणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम तेव्हा नसेल, म्हणून कॅल्शियम नायट्रेट ९५० ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ४०० ग्रॅम करा. बोअर आणि शेततळं मिसळून वापरणार असाल तर रोज एकाच प्रमाणात मिसळा, आणि ते प्रमाण टाकीवर रंगाने लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही गावाला गेलात तरी कामावरचा माणूस चुकणार नाही.